जप्त झालेला उजेड

वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हा डेट्रॉइटचा राजमार्ग नदीकाठी सुरू होतो आणि तेथून वायव्येस पाँटिअ‍ॅक गावापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जातो. वाटेत त्याला जी गावे आणि उपनगरे लागतात त्यांची श्रीमंती-गरिबी अजमावण्यासाठी कोणाचे दप्तर चाळावे लागत नाही, मोटारीच्या काचेतून बाहेर पाहत राहिले म्हणजे पुरते. उत्तरेकडून येताना बर्मिंगहॅमची नटलेली दुकाने मागे पडतात, मग रॉयल ओक येते, मग फर्नडेल. आणि ‘एट माइल’ या नावाने साऱ्या अमेरिकेत परिचित असलेला आडवा रस्ता ओलांडला की पाटी न वाचताही ध्यानात येते की आपण एका जिल्ह्यातूनच नव्हे, तर एका नशिबातून दुसऱ्या नशिबात आलो आहोत. तेथून दोन मैलांवर, चहूबाजूंनी डेट्रॉइटने जवळजवळ वेढलेले आणि तरीही स्वतःची स्वतंत्र नगरपालिका राखून असलेले हायलंड पार्क नावाचे गाव आहे, ज्याचे क्षेत्रफळ पुरते तीन चौरस मैलही भरत नाही.

मी माझ्या भाच्याकडे ट्रॉय येथे उतरलो होतो. पुण्याच्या मोटार-कारखान्यांतून अनुभव गाठीशी बांधून मिशिगनला स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांची संख्या आता लहान नाही. डेट्रॉइटच्या उपनगरांत त्यांचे गणपती बसतात, नाटके होतात, आणि पोहे कोणत्या दुकानात चांगले मिळतात याविषयी जाणकारांचे दोन तट आहेत. भाचा त्यांतलाच. ऑबर्न हिल्सच्या ज्या भव्य कचेरीत तो नोकरी करतो, ती क्रायस्लर कंपनीने हायलंड पार्कचे आपले जुने ठाणे हलवून १९९० नंतरच्या दशकात वसवली. ही गोष्ट त्याला ठाऊक होती, परंतु ज्या गावातून कचेरी आली ते गाव त्याने बारा वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी मी तिकडे नेण्याचा आग्रह धरला तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मामा, तिकडे काय आहे बघण्यासारखं?” प्रश्न उर्मटपणाचा नव्हता, खरोखरच कोणी त्याला तसे काही असल्याचे सांगितले नव्हते.

वुडवर्डवर दिवे होते. एका बाजूच्या गल्लीत त्याने गाडी वळवली आणि वीस-पंचवीस पावलांत रस्ता नाहीसा झाला. झाडे, एका बाजूला उजाड प्लॉट, दुसऱ्या बाजूला दोन मजली जुने विटांचे घर आणि त्याच्या ओसरीतला एक पिवळा बल्ब, एवढेच काय ते दिसत होते. भाच्याने न बोलता अप्पर लावला.

“लाइट गेलेत वाटतं,” तो म्हणाला.

दिवे गेले नव्हते, नेले होते.

ही हकीगत सांगण्यापूर्वी थोडे मागे जावे लागते, कारण हायलंड पार्क आणि वीज यांचा संबंध मुळापासून विलक्षण आहे. हेन्री फोर्ड मोटारींच्या नादी लागण्यापूर्वी विजेच्या नोकरीत होता. १८९१ साली तो डेट्रॉइटच्या एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत रुजू झाला, दोन वर्षांत तेथे मुख्य अभियंता झाला, आणि १८९९ मध्ये ती नोकरी सोडून त्याने आपला वेगळा मार्ग धरला. त्या कंपनीचा वारसा पुढे डेट्रॉइट एडिसन या नावाने चालला आणि आज तोच डीटीई एनर्जी या नावाने मिशिगनमधील बावीस लाखांहून अधिक ग्राहकांच्या घरी वीज पोहोचवतो. फोर्डने १९१० साली हायलंड पार्कमध्ये आपला प्रचंड कारखाना उघडला. १९१३ मध्ये तेथे सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची पद्धत सुरू झाली. आणि १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर मजुरीची घोषणा होताच कारखान्याच्या फाटकाशी माणसांचा पूर लोटला. १९१० साली चार हजारांच्या घरात असलेली वस्ती दहा वर्षांत ४६ हजारांवर गेली. इटलीहून, पोलंडहून, सीरिया-लेबनॉनच्या डोंगरांतून माणसे आली. १९२१ मध्ये या गावात एक मशीदही उभी राहिली, जी मशीद म्हणूनच बांधलेली अमेरिकेतील पहिली वास्तू मानली जाते. दक्षिणेतील कापसाच्या मुलखातून वर्णद्वेषाला कंटाळून उत्तरेकडे निघालेली कृष्णवर्णीय कुटुंबे डेट्रॉइट परिसरात आली तीही याच आकर्षणाने.

पुढचे वैभवनाशाचे आख्यान कोणत्याही गिरणगावाचे असते तसेच आहे, म्हणून त्यात फार रेंगाळत नाही. फोर्डचे मुख्य उत्पादन १९२७ च्या सुमारास डियरबॉर्नला गेले; १९४२ मध्ये गावाच्या मधोमध खोल खणलेला डेव्हिसन महामार्ग काढण्यात आला, जो शहरातून जाणारा अशा धर्तीचा देशातील पहिला म्हणून अभियांत्रिकीच्या पुस्तकांत गौरवला जातो आणि ज्याने गावाचे दोन तुकडे केले; गोरी कुटुंबे उपनगरांकडे सरकली; शेवटी क्रायस्लरही गेली आणि जाताना कराचे मोठे उत्पन्न घेऊन गेली. २००१ मध्ये राज्य सरकारने गावाच्या तिजोरीवर आपला प्रशासक बसवला, पुढच्याच वर्षी वाचनालय बंद झाले, २०१५ मध्ये हायस्कूल. १९३० साली जेथे जवळजवळ ५३ हजार लोक राहत होते तेथे २०२० च्या जनगणनेत नऊ हजारही उरले नाहीत. जे राहिले त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०१० च्या गणनेनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक होते.

अशा गावाकडून रस्त्यांवरील दिव्यांचे बिल भरले जाईना. वर्षानुवर्षे साचलेली थकबाकी सुमारे ४० लाख डॉलरांवर गेली आणि २०११ मध्ये नगरपालिका व डीटीई यांच्यात तह झाला: कंपनीने थकबाकी सोडून द्यावी आणि त्या बदल्यात गावातले बहुतेक पथदिवे काढून न्यावेत. त्याप्रमाणे कंपनीच्या गाड्या आल्या आणि हजाराहून अधिक दिवे, नुसते बल्ब नव्हे तर खांबांसकट, उपटून घेऊन गेल्या. मुख्य रस्ते आणि चौक मिळून सुमारे ५०० दिवे उरले. जुन्या काळी सारा थकला म्हणजे मामलेदार कचेरीचे लोक कुळाच्या घरातून भांडीकुंडी उचलून नेत, आणि त्या जप्तीची आठवण एका घराला पिढ्यान् पिढ्या पुरे. येथे एका अख्ख्या गावाचा उजेड जप्त झाला, आणि तोही कर्जमाफीच्या नावाखाली. कंपनीचीही बाजू आहे, नाही असे नाही: वीज फुकट निर्माण होत नाही, आणि एका गावाने न दिलेला पैसा अखेर दुसऱ्या ग्राहकांच्या बिलांत शिरतो. तथापि दिवा बंद करणे आणि खांब उपटणे यांत अंतर आहे. बंद दिव्याखाली माणूस उद्याची आशा धरू शकतो. खांबाच्या खड्ड्याशी उभा राहून ती धरता येत नाही.

दिवे गेल्यावर नागरिकांना सांगण्यात आले की, रात्रभर आपापल्या ओसरीतला दिवा चालू ठेवावा. या सल्ल्यातली खोच सहज ध्यानात येत नाही. रस्त्यावरचा उजेड हा तोवर सार्वजनिक खर्चाचा विषय होता. आता तोच उजेड ज्या घरातून पडणार त्या घराच्या मीटरवर चढू लागला. थकबाकी गावाची होती, तिची परतफेड बल्बा-बल्बाने गावातल्या गरिबांनी करावी अशीच ती व्यवस्था झाली, आणि कंपनीचे नावही दुसरे झाले नाही. आम्ही पाहिलेला तो पिवळा बल्ब त्याच मालिकेतला असावा.

यानंतर जे घडले त्यासाठी मी ही वाट वाकडी केली होती. गावातल्या आणि गावाबाहेरून येऊन राहिलेल्या काही तरुणांनी मिळून एक संस्था काढली आणि तिला ‘सोलारडॅरिटी’ असे नाव दिले. त्यात इंग्रजीतला सूर्य आहे, एकजूट आहे आणि कृष्णवर्णीयांच्या बोलीत ज्याला फार मोठे स्थान आहे तो आत्माही आहे. लोकवर्गणीतून पैसे उभे करून २०१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी व्हिक्टर नावाच्या रस्त्यावर पहिला सौर पथदिवा उभारला. या दिव्याला कंपनीची तार नव्हती, मीटर नव्हता, बिलही येणार नव्हते. आणि कोणाची बाकी थकली म्हणून तो उपटून न्यायचा तर न्यायला येणारा मालकच शिल्लक नव्हता, कारण मालक रस्त्यावरचे लोक होते. त्यांचे उद्दिष्ट अशा दोनशे दिव्यांचे होते. एका दशकात दीड डझनाच्या आसपास उभे राहिले. गेले हजारांवर, आले दीड डझन: हा हिशेब लपवण्यात अर्थ नाही, आणि संस्थेच्या लोकांनीही तो लपवलेला नाही.

अ‍ॅव्हेलॉन नावाच्या रस्त्यावर यांतले काही दिवे आहेत. तो रस्ता शामायिम हॅरिस या बाईंमुळे प्रसिद्धीस आला, ज्यांना गावात सारे ‘मामा शू’ म्हणतात. (भाच्याला हे ऐकून हसू आवरेना; त्याच्या लेखी मामा एकच, आणि तो शेजारच्या सीटवर बसलेला. तेथे मामा म्हणजे आई, हे मी त्याला सांगितले.) २००७ साली त्यांचा दोन वर्षांचा मुलगा, जकोबी रा, रस्त्यावर एका मोटारीखाली सापडून गेला, मोटार थांबली नाही. त्या शोकातून उठून बाईंनी ओसाड पडलेल्या त्या एका रस्त्यावरची घरे आणि मोकळ्या जागा एकेक करून मिळवल्या, एका पडक्या घराचे मुलांनी शाळेनंतर येऊन अभ्यास करावा असे घर केले, एका भागाला मुलाचे नाव देऊन बाग केली, आणि रस्त्याला सौर दिवे लावून घेतले. ज्या आईचे मूल रस्त्यावर गेले तिला रस्त्यावरचा दिवा म्हणजे काय वाटत असेल, याविषयी मी काही लिहिणार नाही.

या विषयासाठी अमेरिकेत जे शब्द वापरले जातात त्यांच्याकडे आता वळले पाहिजे, कारण त्या शब्दांतच अर्धी अडचण दडलेली आहे. स्वच्छ ऊर्जेच्या अमेरिकन चळवळीत गेली कित्येक वर्षे एक वाक्य पुनःपुन्हा उच्चारले जाते: अल्प उत्पन्नाच्या, अश्वेत समाजांना चळवळीत सहभागी करून घेतले पाहिजे. ‘पीपल ऑफ कलर’ या त्यांच्या शब्दाचे शब्दशः मराठी करू गेले तर ‘सवर्ण’ असा शब्द हाती येतो आणि अर्थाच्या नेमके उलटे टोक गाठले जाते. आपल्याकडे ज्याला वर्ण आहे तो वरचा, त्यांच्याकडे ज्याला वर्ण आहे तो खालचा, आणि दोन्हीकडे वर्ण कोणाला आहे हे ठरवणारा निराळाच. पण त्याहून मोठी खोच ‘सहभागी करून घेणे’ या क्रियापदात आहे. ती आमंत्रणाची भाषा आहे. आमंत्रण देणारा घरचा आणि येणारा पाहुणा, हे तीत गृहीत धरलेले असते. पाहुण्याला पहिली पंगत मिळेल, आग्रहाने वाढले जाईल, परंतु स्वयंपाक काय करायचा हे त्याला कोणी विचारीत नाही.

वस्तुस्थिती अशी की घर आधीपासून त्यांचेही होते. हायलंड पार्कपासून मोटारीने तासाभराच्या आत असलेल्या अ‍ॅन आर्बर येथे, मिशिगन विद्यापीठात, बनियन ब्रायंट आणि पॉल मोहाई या प्राध्यापकांनी १९९० च्या जानेवारीत वंश आणि प्रदूषण यांच्या संबंधावर विद्वानांची एक परिषद भरवली. त्याच वर्षी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील कार्यकर्त्यांनी देशातल्या दहा बड्या पर्यावरण-संस्थांना पत्र पाठवून उघड विचारणा केली की, तुमच्या कचेऱ्यांत आणि संचालक मंडळांत आमची माणसे का नाहीत? १९९१ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला अश्वेत समाजांची पहिली राष्ट्रीय पर्यावरण परिषद भरली आणि तिने पर्यावरणीय न्यायाची सतरा तत्त्वे जाहीर केली. आता या पत्राचे उत्तर काय मिळाले? जवळजवळ पाव शतकानंतर, २०१४ मध्ये, तेव्हा मिशिगन विद्यापीठातच असलेल्या डॉर्सेटा टेलर यांनी पर्यावरण-संस्थांतील नोकरवर्गाची पाहणी केली, तेव्हा वांशिक अल्पसंख्याकांचे प्रमाण सोळा टक्क्यांच्या वर चढत नाही असे आढळले. त्यांनी त्याला ‘हिरवे छत’ म्हटले.

छत हा शब्द येथे नुसती उपमा नाही, कारण सौर ऊर्जेचा सारा प्रश्न अखेर छपराशीच येऊन अडतो. २०१९ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात डेबोरा संटर, सेर्जिओ कास्टेयानोस आणि डॅनियल कॅमन यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. उत्पन्नातला फरक हिशेबात धरल्यानंतरही, ज्या भागांत कोणत्याही एका वंशाचे बहुमत नाही त्यांच्या तुलनेत, कृष्णवर्णीय बहुसंख्य भागांतील छपरांवर सौरफलक ६९ टक्क्यांनी कमी होते, लॅटिनो बहुसंख्य भागांत ३० टक्क्यांनी कमी, आणि गोऱ्या बहुसंख्य भागांत २१ टक्क्यांनी जास्त. गरिबी हे कारण सांगून मोकळे होता येत नाही, असा याचा अर्थ. शेजाऱ्याच्या छपरावर फलक दिसला म्हणजे मनुष्य आपल्या छपराचा विचार करतो, आणि ज्या आळीत पहिलाच फलक बसत नाही तेथे दुसरा कुठून बसणार? उलट खर्चाचे ओझे मात्र याच घरांवर अधिक. २०२० च्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या मिळकतीतला मध्यम हिशेबाने ८.१ टक्के भाग वीज आणि इंधनात जातो, इतरांचा २.३ टक्के, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांवरचे हे ओझे गोऱ्या कुटुंबांपेक्षा ४३ टक्क्यांनी जड आहे. जुन्या घरांच्या फटींतून हिवाळ्यात उष्णता बाहेर जाते आणि तिच्याबरोबर पगारही.

भाच्याच्या ट्रॉयच्या घरावर सौरफलक आहेत, आणि ते कसे बसले हे त्याने वाटेत मला अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले. छप्पर चार वर्षांपूर्वी नवे केलेले, घर स्वतःचे, बँकेतली पत उत्तम, आणि खर्चाच्या ३० टक्के रक्कम प्राप्तिकरातून वजा. या शेवटच्या कलमात मख्खी आहे. ती सवलत करातून वजा मिळत होती, हातात रोख नव्हे. ज्याचा कर मुळातच थोडा त्याची सवलतही थोडी. म्हणजे उन्हाची सरकारी मदत उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने वाटली गेली. हायलंड पार्कच्या विधवेचे घर शंभर वर्षांचे, छप्पर गळके. घरे उबदार करण्यासाठी १९७६ पासून चालत आलेली एक केंद्रीय योजना आहे, पण तिचे माणूस येऊन पाहणी करते आणि छप्पर गळते म्हणून काम पुढे ढकलून जाते, कारण छप्पर दुरुस्त करण्याची पुरेशी तरतूद त्या खात्यात सहसा नसते. छप्पर नाही म्हणून ऊब नाही, ऊब नाही म्हणून बिल मोठे, बिल मोठे म्हणून छपरासाठी पैसा नाही. असल्या चक्रातल्या माणसाला सभेचे निमंत्रण पाठवून ‘सहभाग’ मागणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला पोहण्याच्या शर्यतीचा अर्ज देण्यासारखे आहे.

ज्यांना स्वतःचे छप्पर नाही किंवा असून उपयोगाचे नाही, त्यांनी गावाच्या एखाद्या मोकळ्या जागेवर मिळून सौरप्रकल्प उभारावा आणि त्याचा वाटा प्रत्येकाच्या बिलातून वजा व्हावा, ही कल्पना अमेरिकेतील कित्येक राज्यांत कायद्याने प्रस्थापित झाली आहे. मिशिगनमध्ये तशी विधेयके वेळोवेळी आली आणि बारगळली. छपरावरच्या विजेवरही तेथे मर्यादा होती: कंपनीच्या कमाल मागणीच्या केवळ एक टक्का एवढ्याच विजेला बिलातून वजावटीच्या योजनेत शिरकाव, २०२३ च्या कायद्याने ती दहा टक्क्यांवर नेली. विजेची तार कोणी ओढावी, कोणी विकावी, कोणी विकत घ्यावी, या सर्व बाबतींत एका प्रदेशात एकाच कंपनीची जवळजवळ मक्तेदारी आहे, आणि तिच्यावर देखरेख राज्याच्या लोकसेवा आयोगाची. सोलारडॅरिटीच्या लोकांना दिवे लावता लावता हे उमगले, आणि माझ्या मते त्यांच्या कार्याचा खरा मोठेपणा येथे आहे. ते आयोगासमोर पक्षकार म्हणून उभे राहू लागले. शिकागो विद्यापीठाच्या विधी विभागाने त्यांना वकील पुरवले. दरवाढीच्या आणि दीर्घकालीन नियोजनाच्या सुनावण्यांत, जेथे एरवी मोठे कारखानदार आणि त्यांचे तज्ज्ञ यांचीच कैफियत ऐकली जाते, तेथे एका उजाड गावाची फिर्याद दप्तरी दाखल झाली. २०२३ मध्ये डीटीईच्या नियोजनावर तडजोड झाली तेव्हा मनरो येथील प्रचंड कोळसा-केंद्र २०३५ ऐवजी २०३२ पर्यंत बंद करण्याचे ठरले. त्या तडजोडीचे श्रेय अनेकांचे आहे. पण टेबलाशी बसलेल्यांत हायलंड पार्कचे लोक होते.

त्यांची मागणी, थोडक्यात, उजेडाची नसून मालकीची आहे. ती अमेरिकेत अश्रुतपूर्व आहे असेही नाही. १९३५ च्या सुमारास तेथील दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती, कारण विखुरलेल्या शेतकऱ्यांपर्यंत तार ओढणे खाजगी कंपन्यांना परवडत नव्हते; तेव्हा रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढून शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्जे दिली आणि त्यांनी आपल्या खांबांवर आपल्या तारा ओढल्या. दक्षिणेत अशा अनेक संस्थांच्या संचालक मंडळांवर कृष्णवर्णीय सभासद पुढे दीर्घकाळ दिसले नाहीत, हेही येथेच नोंदवले पाहिजे. परंतु तो नमुना इतका यशस्वी ठरला की तो समुद्र ओलांडून आपल्याकडे आला: १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यावर अमेरिकन सहकारी संस्थांच्या साहाय्याने देशात पाच ठिकाणी वीज सहकाराचा प्रयोग झाला, आणि त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याची संस्था म्हणजे श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. चार दशके तिने श्रीरामपूर-राहुरीच्या शिवारात वीज वाटली, थकबाकीच्या तंट्यात ती सापडली, आणि २०११ मध्ये परवान्याची मुदत संपून तिचा कारभार महावितरणकडे गेला. वर्ष तेच, ज्या वर्षी हायलंड पार्कचे खांब उपटले गेले. मालकी आपली असली म्हणजे थकबाकी होत नाही, असे कोणी समजू नये. फरक इतकाच की थकबाकीचा जाब कोणाला विचारायचा हे तेव्हा सभासदाला ठाऊक असते.

मध्यंतरी असे वाटले होते की केंद्र सरकार ही उणीव भरून काढील. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘सर्वांसाठी सौर’ या नावाच्या योजनेखाली अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सात अब्ज डॉलर साठ संस्थांना मंजूर झाले. त्यांत मिशिगन राज्याच्या वाट्याला १५ कोटी ६० लाखांहून अधिक आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने ती योजनाच रद्द केली आणि प्रकरण न्यायालयांत गेले. छपरांवरील ३० टक्के करसवलतही २०२५ च्या अखेरीस संपवण्यात आली. म्हणजे भाच्याला जी मिळाली ती आता त्याच्या शेजाऱ्यालाही मिळणार नाही, आणि या एका अर्थी श्रीमंत-गरिबांत समता प्रस्थापित झाली. वॉशिंग्टनहून दिलेले वॉशिंग्टनला परत नेता येते, हा धडा खांब गमावलेल्या गावाला नवा नव्हता.

आम्ही अ‍ॅव्हेलॉनवर पोहोचलो तेव्हा पुरते अंधारले होते. भाच्याने गाडी कडेला घेतली आणि, अभियंता तो अभियंताच, उतरून सरळ खांबापाशी गेला. खांबाच्या माथ्यावर दक्षिणेकडे कललेला फलक, त्याखाली दिव्याची आडवी दांडी, आणि वर आभाळाकडे पाहिले तर एकही तार नाही. त्याने खांबावर बोटांनी टिचकी मारून पाहिली, मान वर करून फलकाचा कोन मनाशी मोजला, आणि डिसेंबरात इथे ऊन किती तास मिळतं, बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागते, बर्फ साचल्यावर फलक पुसायला वर कोण चढतं, असे तीन प्रश्न एका दमात विचारले. तिन्ही योग्य होते. पहिल्याचे उत्तर त्याला स्वतःलाच ठाऊक होते. उरलेल्या दोहोंचे उत्तर, मी म्हटले, ज्यांचा दिवा त्यांना विचारावे लागेल.

“विचारतो एकदा येऊन,” तो म्हणाला. “दिवसा.”

खाली पदपथावर पांढरा, स्वच्छ उजेड पडला होता, त्यात लहान मुलाच्या सायकलचे एक चाक दिसत होते. बाकीची सायकल कुंपणाआड होती. आम्ही गाडीत बसलो. त्याने एंजिन सुरू केले, आरशात पाहिले, आणि रस्त्याच्या टोकापर्यंत अप्पर लावला नाही.